बाहुलीला गुरुजी करू नका

आपल्या विदर्भात गावातल्या वाचनालयात लहान मुलांसाठी गोष्टीचा तास ठेवला, की कोणीतरी हौसेनं बाहुली आणतं. ती बाहुली तोंड उघडते आणि पहिलं वाक्य येतं, "मुलांनो, रोज हात धुता ना?" पुढच्या मिनिटाला अर्धी पोरं खिडकीबाहेर बघत असतात. चूक बाहुलीची नसते. हे वाक्य त्यांनी अंगणवाडीत, शाळेत, भिंतीवरच्या फ्लेक्सवर शंभरदा ऐकलेलं असतं. सांगणारा बदलला तरी सांगणं तेच राहतं.

माझं मत सरळ आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर येणारी बाहुली खोलीतली सगळ्यात अडाणी असली पाहिजे. तिला आकडे येत नाहीत, ती रोह्याला, म्हणजे नीलगायीला, गाय म्हणते, पुस्तक उलटं धरते. मग जे पोर घरी मोकळं बोलतं आणि चारचौघांत गप्प होतं, तेच ओरडून तिला दुरुस्त करतं. शिकवण्याचं काम मुलांकडे जाऊ द्या. आणि ती बोलते ती भाषा गावची असू द्या. पुण्याच्या आकाशवाणीसारखी नको. "मले नाई समजलं बाप्पा, अजून एकडाव सांग!" एवढं बाहुली म्हणाली तरी खोली जागी होते. मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी घरात बोलली जाते, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. तिथं बाहुलीला त्या भाषेतले चार शब्द आलेच पाहिजेत, आणि तेही मुलांकडून शिकून, चुकत चुकत. गोंडांच्या गावात तिनं आल्या आल्या "जय सेवा" म्हटलं तर निम्मं काम तिथंच होतं.

आता करायची कशी. दुकानातली केसाळ, महागडी बाहुली लागत नाही. एक मोजा पुरतो. पोटरीपर्यंत येणारा मोठ्या माणसाचा मोजा घ्या. शाळेचा छोटा मोजा मनगटातच संपतो आणि खाली तुमचा हात दिसत राहतो. हात आत घालून चार बोटं पंजाच्या टोकाशी न्या आणि अंगठा टाचेच्या खोळीत. मधलं कापड दुसऱ्या हातानं आत ढकललं की तोंड तयार. तोंड टिकायला हवं असेल तर जाड पुठ्ठ्याचा लंबगोल कापा, साधारण १६ सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद. तो मधोमध दुमडून मोज्याच्या आत बसवा, बोटं वरच्या पाखीवर आणि अंगठा खालच्या पाखीखाली येईल असा. दोन पाख्यांच्या मधे जे कापड येतं त्याला फेविकॉलचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. फेविकॉल जास्त झाला तर कापडात मुरून दगडासारखा होतो, मग तोंड मिटत नाही.

डोळे मात्र मोजा हातात घातल्याशिवाय लावू नका. टेबलावर सपाट ठेवून लावलेले डोळे हातावर ताणले गेले की कानाकडे सरकतात आणि बाहुली दोन दिशांना बघते. मोजा घाला, मूठ थोडी वाकवा, बोटांच्या मधल्या सांध्यांवर जो उंचवटा येतो त्याच्या जरा पुढं, जवळजवळ दोन ठिपके पेनानं काढा. गुंड्या लावायच्या असतील तर दुहेरी दोऱ्यानं शिवा. अंगावरची भावंडं सोबत येत असतील तर गुंड्या नकोच, तुटलेली गुंडी सरळ तोंडात जाते. नॉन-वोव्हन पिशवीचे गोल कापून चिकटवले की झालं. त्या कापडाचे दोरे सुटत नाहीत. दात अजिबात नकोत. तीन वर्षांची पोरं दातांना भितात.

बाहुली बोलवताना बहुतेक लोक एकच गोष्ट उलटी करतात. शब्द म्हणताना तोंड मिटतात, त्यामुळे ती शब्द चावते आहे असं दिसतं. प्रत्येक अक्षराला तोंड उघडलं पाहिजे, आणि उघडताना अंगठा खाली गेला पाहिजे. वरची चार बोटं उचलली तर डोळे छताकडे जातात. मुलं सतरंजीवर बसलेली असतात, तुम्ही खुर्चीवर, म्हणून मनगट थोडं खाली झुकवून ठेवा, तेव्हाच तिची नजर मुलांवर पडते. हात पाच मिनिटांत दुखतो आणि बाहुली हळूहळू मांडीत बुडते. कोपर गुडघ्यावर टेकवा. ओठ हलले तर हलू द्या. रामदास पाध्यांच्या अर्धवटरावासारखा शब्दभ्रम इथं कोणी मागत नाही. तुम्ही बाहुलीकडे बघत राहिलात की मुलंही तिकडेच बघतात.

आणि पुस्तक वाचताना बाहुली झोपवा. एका हातात बाहुली असली की दुसऱ्या हातानं पान उलटत नाही, पुस्तक घसरतं आणि चित्रं दिसत नाहीत. "मी झोपते, गोष्ट संपली की उठवा" असं म्हणून ती पिशवीत जाते. पोरं तिला उठवायला टपून असतात, त्या भरात गोष्ट नीट ऐकली जाते. वाचनालयात हा तास ठेवायचं कारण पुस्तक आहे. बाहुलीच्या नादात पुस्तक उघडलंच नाही असं होता कामा नये. नॅशनल बुक ट्रस्ट किंवा प्रथम बुक्सची मोठ्या चित्रांची मराठी पुस्तकं यासाठी बरी पडतात.

गाण्याचं बोलू. मोबाइलवर लावलेलं गाणं गोष्टीच्या तासाला नको, या मताचा मी आहे. एक तर त्याची चाल मुलांच्या तोंडापेक्षा वेगानं धावते, आणि दुसरं म्हणजे पडदा दिसला की पोरं गायची थांबतात. तुमचा आवाज बेसूर असला तरी तो मुलांसाठी थांबतो, मोबाइल थांबत नाही. पट्टी तेवढी सांभाळा. पेटी असेल तर पांढरी एकचा सा धरा आणि सा ते ध एवढ्यात चाल ठेवा. दादालोक आपल्या खर्जात गातात, मग पोरं गुरगुरतात. भजनाच्या उंच पट्टीत गायलं तर किंचाळतात. पेटी नसेल तर लांबून पोराला हाक मारताना आपला आवाज जिथं जातो, त्याच्या जरा खाली सुरू करा.

मोज्याच्या बाहुलीला ससा करा आणि त्याच्यासाठी हे चार ओळींचं गाणं घ्या, दर ओळीला चार टाळ्या:

मोज्यात लपला कोण? कोण?
कान दिसतात दोन! दोन!
हाक मारा नाव घेऊन,
येतो वरती धावधावून!

तिसऱ्या ओळीनंतर थांबायचं. एक मूल हाक मारेल, ससा वर येईल आणि त्या मुलाचं नाव चुकीचं घेईल. सगळे मिळून त्याला बरोबर नाव सांगतील. वीस मुलं असतील तर एका दिवशी पाच-सहा नावंच घ्या. वीसही नावं घेत बसलात तर नवव्या नावाला सतरंजीवर कुस्ती सुरू होते. राहिलेली पुढच्या वेळी. हेच गाणं महिनाभर चालू द्या. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही.

दुसरं गाणं मोजणीचं. रोही वावरात शिरतात हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत आहे, सिंह-जिराफ कशाला हवेत?

पाच रोही वावरात, खाती गुपचूप,
आजी आली काठी घेऊन, एक पळाला, हूप!

मग चार, तीन, दोन, एक. शेवटी:

वावर झालं रिकामं, सारं चिडीचूप,
आजी बसली बांधावर, खाते भाकर-तूप!

याच्यासाठी बोटांत घालायच्या बाहुल्या सगळे सुचवतात आणि तिथंच फसतात. करंगळी मिटली की शेजारचं बोट आपोआप वाकतं, आणि चार वर्षांच्या मुलाला एकेक बोट वेगळं मिटता येत नाही. एक रोही पळायच्या ऐवजी दोन पळतात आणि हिशेब बिघडतो. त्यापेक्षा काडीला चित्र चिकटवून पाच काडी-बाहुल्या करा. चपलेच्या खोक्याच्या झाकणाला पाच चिरा पाडा आणि त्यात रोही उभे करा. हूप म्हटलं की एक मूल येऊन एक रोही उपटून नेईल. आजी तुमच्या हातात. बोटांच्याच बाहुल्या हव्या असतील तर मुलाच्या बोटासाठी पट्टी ६ सेंमी लांब आणि ४ सेंमी उंच घ्या, मोठ्या माणसाला साडेआठ बाय पाच. पट्टी गुंडाळून एक-दीड सेंमी एकावर एक चिकटवायची. याहून उंच नळी केली तर बोट वाकत नाही.

काडी-बाहुलीला कार्डशीट विकत आणायची गरज नाही. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग असतो. गणपतीचा भाग कापायला कोणी देत नाही आणि कापूही नये, मागचं पान घ्या. चकचकीत बाजू टाळा. तिच्यावर मेणाचा खडू घसरतो आणि मैद्याची खळही धरत नाही. आतली खरखरीत बाजू चित्राला. चित्र १० बाय ८ सेंमीचं, तळहाताएवढं. काडी चित्राच्या निम्म्या उंचीपर्यंत वर गेली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या मिनिटाला मान मोडते. आईस्क्रीमच्या काड्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटानं मिळतात. तुराटी फुकट आहे, पण तिची सालपटं काढून टोकं घासून घ्या, नाहीतर बोटात फास जाते. खराट्याची काडी मात्र नको. ती लवते, आणि टोक शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. ज्वारीच्या धांड्याचा भेंड मऊ म्हणून छान, पण त्याची साल ब्लेडसारखी कापते, सोलायचं काम मोठ्यांनीच करायचं.

चिकटपट्टीवर उन्हाळ्यात भरवसा ठेवू नका. टिनाच्या छताखाली मे महिन्यात तिचा गोंद पातळ होऊन चित्र काडीवरून घरंगळतं. खळ करा. पाव वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग तो एक वाटी उकळत्या पाण्यात घालून तीन-चार मिनिटं ढवळा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर वीस मुलांना पुरून उरते. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायची. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नको, ते विष आहे, आणि पोरं बोटं चाटतातच. त्याऐवजी लागेल तेवढीच करायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी फेकायची, पावसाळ्यात तर नक्कीच.

हस्तकला नेहमी गोष्टीनंतर. आधी काडी हातात दिली की तिची तलवार होते आणि गोष्ट गेली. अर्ध्या तासाचा हिशेब असा बसतो: गाणं आणि ससा पाच मिनिटं, पुस्तक सात-आठ, रोह्यांचं गाणं पाच, उरलेल्या बारा-तेरा मिनिटांत बाहुली. एवढ्यात बाहुली व्हायची तर आकार आधीच कापून आणलेले हवेत. मुलांनी रंगवायचं आणि चिकटवायचं. कात्र्या दोनच, आणि त्या मोठ्यांकडेच. आणि मुलाचा रोही जांभळा झाला, त्याला पाय तीनच आले, तर हात लावू नका. आया शेजारी बसून "आण, मी करून देते" म्हणतात, तिथं जरा ठाम राहावं लागतं. स्पर्धा आणि बक्षीस तर पूर्णच टाळा. बक्षीस ठेवलं की सगळ्या बाहुल्या आयांनी केलेल्या येतात.

इथल्या वर्षात बाहुल्यांसाठी दोन वेळा आयत्या मिळतात. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, घराघरात लाकडी नंदी असतोच. त्या आठवड्यात काही करू नका, मुलांना आपापला नंदी आणायला सांगा, मोज्यातला ससा प्रत्येक नंदीला नाव विचारेल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी गाणी म्हणायची भुलाबाई असते. तिच्यात गाण्यांनंतर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची जी रीत आहे, ती तशीच उचला. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, आणि बाहुलीनं दरवेळी काहीतरी खुळं उत्तर द्यायचं: "डब्यात चप्पल आहे!" मुलं बरोबर पदार्थ सांगेपर्यंत झाकण उघडायचं नाही. खिरापतीत या वयाला फुटाणे, अख्खे शेंगदाणे देऊ नका, हसता हसता घशात अडकतात. मुरमुरे, केळ्याचे तुकडे चालतील.

वेळेचंही बघा. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या पुढं जाऊ नका. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली की आया सकाळीच वावरात जातात आणि लहानग्यांना आणायला कोणी नसतं, तेव्हा तास दिवेलागणीला न्या. त्या वेळी वीज गेली तर धोतर बांधून सावलीचा खेळ होतो. मोबाइलचा टॉर्च पडद्यामागं चार-पाच फुटांवर ठेवायचा आणि काडी-बाहुली कापडाला टेकवून धरायची. कापडापासून दूर नेली की सावली मोठी होते, पण फिसकटते.

राहिलं सामान ठेवणं. खळीनं चिकटवलेलं सगळं उंदरांचं आणि झुरळांचं खाणं आहे. पुस्तकांच्या कपाटात बाहुल्या ठेवल्या तर पुस्तकंही जातात. पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. मोजा दर पंधरा दिवसांनी धुवायचा, म्हणून पुठ्ठा चिकटवलेला एक आणि नुसता दुमडायचा एक असे दोन मोजे ठेवा. पुठ्ठ्याचा मोजा पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा.