नवा फुगा म्हणजे चांगलाच फुगा?

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड; त्यासाठी फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांची तोंडं गोठवून चुकीचे विद्युत सिग्नल अडवणारा फुगा म्हणजे क्रायोबलून. तुमच्या लेखातली या फुग्याच्या पिढ्यांची तुलना छान, पण त्यातलं 'नवा तो चांगला' हे जरा घाईचं वाटलं. मी वडोदऱ्यात कॅथलॅबमध्ये (हृदयात नळी घालून उपचार करतात तिथे) टेक्निशियन आहे. पहिल्या फुग्यात गारठवणारा वायू, नायट्रस ऑक्साइड, चार छिद्रांतून यायचा आणि गारठा मुख्यतः मधल्या पट्ट्यावर; फुगा शिरेच्या तोंडाशी जरा तिरका लागला की कंबख्ती. 2012च्या दुसऱ्या पिढीत छिद्रं आठ झाली, पुढे सरकली आणि पुढचा अख्खा अर्धगोल गोठायला लागला. खरी उडी तीच. पण फ्रेनिक नर्व्हला, म्हणजे उजव्या शिरांजवळून जाणाऱ्या आणि श्वासपटल हलवणाऱ्या नसेला, इजा व्हायची भीतीही वाढली. म्हणून उजव्या शिरा गोठवताना पेसिंगने (विजेच्या हलक्या ठोक्यांनी) त्या नसेला सतत चेतवत ठेवतात आणि एकाचा हात पेशंटच्या बरगड्यांखाली असतो. पोटाचा उसळा मंद लागला की लगेच गोठवणं बंद! तिसऱ्या पिढीत टोक सुमारे 40 टक्के आखूड, त्यामुळे शिरेतले सिग्नल कधी थांबले ते जास्त वेळा दिसतं. पण फुगा जागेवर धरायला आधार कमी.

मांडवीकडच्या एका काकूंनी विचारलं, "भाऊ, कितव्या नंबरचा फुगा घालणार?" म्हटलं, काकू, डॉक्टरांनाच विचारा, आणि असे किती केलेत तेही विचारा.