शंकूंमधली ‘सर्कस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन पोलिसांच्या बाइक प्रशिक्षणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झाडलं आहे. जमिनीवर मांडलेल्या शंकूंमधून बाइक अगदी हळू, रांगत फिरवणं ही सर्कस, चोर काय चालत पळतो का, क्लच असा अर्धवट धरून ठेवला तर जळून जाईल, आणि एबीएस ही चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा असताना हे सगळं कशाला, असं तुमचं म्हणणं.

पाठलागाचं आधी बघू. बाइकवरच्या पोलिसाचा दिवस पाठलागात जात नाही. रस्त्याकडेला थांबायचं, कोणी सुसाट गेला की दोन लेनमध्येच गाडी वळवून मागे लागायचं, नाहीतर ताफ्यापुढे चालीच्या वेगानं सरकायचं. साडेतीनशे किलोच्या वरची हार्ले-डेव्हिडसन बाइक आडवी होते ती इथेच. शंभरच्या वेगात ती आपली आपण सरळ राहते. चालीच्या वेगात मात्र तोल स्वारालाच राखावा लागतो, आणि एकदा कलली की पाय टेकून सावरेल असं वजन नाही ते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा पोलिसांसाठीचा 80 तासांचा बाइक कोर्स या रांगण्यावर एवढा वेळ घालतो तो उगाच नाही.

त्यात करायचं काय, तर क्लच अर्धा सोडलेला, थोडी रेस कायम, आणि मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. इंजिन ओढतंय, ब्रेक धरतोय, या ओढाताणीत गाडी ताठ राहते. पुढच्या ब्रेकवर बोट नाही. हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचं चाक धरलं की गाडी आतल्या बाजूला धप्पकन पडते. हनुवटी खांद्याकडे, नजर वळणाच्या शेवटाकडे. जवळच्या शंकूकडे बघितलंत की तो उडालाच म्हणून समजा!

क्लचबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. 2013 पर्यंतच्या बीएमडब्ल्यू आर 1200 आरटी या बाइकला कोरडा, म्हणजे तेलात नसलेला, क्लच होता. तो असा घासला तर तापून वास सुटतो. हार्लेचा क्लच तेलात बुडालेला असतो, आपल्या बुलेटचाही. त्याला हे चालतं.

वेगाचं शिक्षण नसतं असंही नाही. ताशी साठ-पासष्टवरून कचकन थांबणं, अडथळा चुकवणं हे त्याच कोर्सात येतं. पण वेगासाठी मला ब्रिटिश पद्धत जास्त पटते. लंडनच्या पोलिसांनी 1930 च्या दशकात हेंडनला चालकांची शाळा काढली, तिथून रुजलेली: आधी पुढच्या रस्त्याची माहिती, मग रस्त्यावरची आपली जागा, वेग, गिअर, मग रेस, याच क्रमानं. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे मिळताना दिसतात तो बिंदू दूर सरकत असेल तर ठीक, जवळ येत असेल तर वेग कमी करा. बुलेटवर घाटात करून बघा.

राहिलं एबीएस. जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ नये एवढंच त्याचं काम. अगदी कमी वेगात ते बंदच असतं. यू-टर्नमध्ये गाडी कलली तर ते काही करत नाही.