चुकांच्या रकान्यात शून्य? मग काळजी करा

‘विश्वास असलेल्या टीममध्ये चुका कमी दिसतात, वाद होत नाहीत, देखरेख लागत नाही, आणि असा विश्वास बसायला वर्षं लागतात.’ नेतृत्वाचे धडे देणारे ही चार विधानं सर्रास पुढे करत असतात. तपासून पाहिली तर एकही धड टिकत नाही.

पहिलं विधान सगळ्यांत घातक, कारण ते साहेबाला खोटा दिलासा देतं. टीमच्या कामकाजाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीमकडून कमी चुका होतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. ज्या विभागांत प्रमुख परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होतं, तिथेच जास्त चुका नोंदलेल्या होत्या. उलगडा असा की तिथली माणसं चूक झाली की सांगत होती. बाकीच्या ठिकाणी ती झाकली जात होती. तेव्हा महिन्याच्या अहवालात चुकांच्या रकान्यात शून्य आलं, तर पाठ थोपटून घेण्याआधी ते शून्य कुणी आणि कुणाच्या धाकाने लिहिलं, याची चौकशी करावी. ‘हे कुणी केलं?’ हा ज्या साहेबाचा पहिला प्रश्न असतो, त्याच्यापर्यंत पुढची वाईट बातमी उशिराच पोचते.

वाद नसणं म्हणजे विश्वास? २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे ना, अशी शंका काढली होती. अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि विषय तिथेच मिटला. वाद झाला नाही! पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात, वरिष्ठाला वेळीच अडवायचं कसं, हे मुद्दाम शिकवलं जाऊ लागलं.

देखरेखीबद्दलचं विधान अर्धं खरं आहे. ईथन बर्नस्टीन या संशोधकाने चीनमधल्या एका मोबाइल कारखान्यात काही उत्पादन ओळींभोवती पडदे लावून पाहिले. सतत कुणी बघत नसल्यावर उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी वाढलं. पण म्हणून तपासणीच नको, असं नाही. दोघांनी मिळून औषधाची मात्रा पडताळली तर त्यात अविश्वास कसला? मानेवर बसणं वेगळं, काम पडताळून घेणं वेगळं.

राहिली वर्षं. ऐनवेळी एकत्र आलेल्या विमान कर्मचाऱ्यांना किंवा चित्रपटाच्या युनिटला ती कुठून मिळणार? ज्याची जी भूमिका, ती त्याला जमते असं धरूनच ते कामाला लागतात. मायरसन, वाइक आणि क्रेमर या संशोधकांनी १९९६ मध्येच अशा झटपट विश्वासाची मांडणी केली आहे. तो नाजूक असतो, कुचराई दिसली की उडतो. टिकवायला वेळ लागतो, एवढंच म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.