गट करा म्हटले की उरणाऱ्या तिघी

नाशिकमधल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी गेली १९ वर्षे अर्थशास्त्र शिकवते. ‘सर्वसमावेशक वर्ग’ हा शब्द अलीकडे प्रत्येक परिपत्रकात असतो, आणि तो आला की आमच्याकडे एक व्याख्यान, एक भित्तिपत्रक स्पर्धा आणि प्रमुख पाहुण्यांसोबत एक फोटो एवढे उरकले जाते. ज्या मुलांसाठी हे चालले आहे त्यांना कुणी काही विचारत नाही, ही माझी तक्रार आहे. ती आधी माझ्या स्वतःबद्दलच आहे, कारण पहिली सोळा वर्षे मीही विचारले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कलाच्या वर्गात मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि ‘या तासाला तुम्हाला कुठे अडते, नाव न लिहिता सांगा’ असे म्हटले. इंग्रजी संज्ञा, मोठा अभ्यासक्रम अशी उत्तरे येतील, असा माझा अंदाज होता. तशीही काही आली. पण एका चिठ्ठीत लिहिले होते की हजेरी घेताना आमची आडनावे आली की मागून हसू ऐकू येते. दुसरीत होते की पेठची गाडी सीबीएस बसस्थानकावर पोहोचते तोवर तुमची हजेरी होऊन गेलेली असते. तिसऱ्या चिठ्ठीत एवढेच होते : “मॅडम, ‘आपापले गट करा’ असे म्हणू नका. आम्ही तिघी दर वेळी उरतो.”

ही चिठ्ठी मी बरेच दिवस पर्समध्ये ठेवली होती. गट मुलांनी स्वतः करावेत यात मला मोकळेपणा दिसत होता, आणि त्या तिघींना त्यातच दर वेळी आपली जागा दाखवली जात होती.

यावर उपाय मीच काढला असता तर तो चुकला असता. हजेरीक्रमांकाने गट करू, असे मी सुचवलेही. तेव्हा एका मुलाने उभे राहून सांगितले की आपल्याकडे क्रमांक प्रवेशाच्या क्रमाने पडतात आणि वसतिगृहातल्या मुली एकाच दिवशी येऊन प्रवेश घेतात, म्हणजे त्या पुन्हा एकत्रच पडणार. मला हे कधी सुचलेच नव्हते. शेवटी मुलांनीच ठरवले : डब्यात चिठ्ठ्या टाकून गट, दर महिन्याला बदल, सादरीकरण आळीपाळीने, आणि गटातली चर्चा ज्याला ज्या बोलीत जमेल त्या बोलीत. सटाण्याकडचा एक मुलगा त्याआधी वर्गात ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणाला म्हणून हशा झाला होता आणि तेव्हापासून तो गप्पच होता. गटात तो अहिराणीत बोलू लागला. हजेरीही आता तासाच्या शेवटी होते.

पुढे ‘वेतननिश्चिती’ हे प्रकरण आले. एकाच गटात निफाडच्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा आणि पेठ तालुक्यातली, जिचे आईवडील दर हंगामात द्राक्षबागेच्या कामाला येतात अशी मुलगी, हे दोघे चिठ्ठीने एकत्र पडले. तो म्हणाला, मजूर मिळत नाहीत, टोळी एकरी उक्ता भाव वाढवून मागते, वरून अवकाळी झाला किंवा व्यापारी पैसे बुडवून पळाला तर तोटा आमचाच. ती शांतपणे म्हणाली, भात काढून झाले की गावात कामच राहत नाही, म्हणून आम्ही येतो. भाव मागायला आम्ही थांबलो तर त्या दिवसाची चूल कशी पेटणार? मी फळ्यावर मागणी-पुरवठ्याचे दोन वक्र काढायला निघाले होते, ते तसेच राहिले. पुढचा अर्धा तास वर्गाने पुस्तकातल्या त्या प्रकरणाची गृहीतके एकेक करून तपासली, आणि असा तास मला एकटीला घेता आला नसता.

मात्र त्याच मुलीने आठवड्याभराने मला जिन्यात थांबवले. “मॅडम, मजुरीचा विषय आला की आता सगळे माझ्याकडेच बघतात. मला सांख्यिकी आवडते, हे कुणी विचारत नाही.” समावेशनाच्या उत्साहात आपण जो वगळला जातो त्यालाच त्याच्या समाजाचा प्रवक्ता करून टाकतो आणि वर्गाला शिकवण्याचे कामही त्याच्याच गळ्यात घालतो. चर्चेआधी सर्वांनी तीन मिनिटे लिहायचे आणि जो आधी बोललेला नाही त्याने सुरुवात करायची, पण वाचायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, हा नियम त्यानंतर मुलांनीच आणला.

दृष्टिदोष असलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट निराळी आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मान्य करतो आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवतो. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटे जादा मिळतात. रोजच्या तासाचे काय? मी दिलेल्या नोट्स म्हणजे झेरॉक्सचे स्कॅन होते, आणि फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय, त्यांना निव्वळ चित्र समजून गप्प बसे. माझ्या जुन्या मराठी नोट्स श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्या उघडल्या की टॉकबॅक निरर्थक रोमन अक्षरे वाचत सुटे. चार मुलांनी त्या युनिकोडमध्ये नव्याने टंकल्या. पण त्या विद्यार्थ्याने एक अट घातली की तपासनीस तोच असेल, आणि कानाने ऐकून त्याने माझ्या मूळ मजकुरातल्या दोन चुका काढल्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणारी मुले आता त्याच नोट्स बसमध्ये कानात लावून ऐकतात.

“मुलांना काय कळते,” असे सहकारी म्हणतात, आणि अभ्यासक्रम मागे पडतो असेही म्हणतात. दुसरे खरे आहे. त्या वर्षी माझी शेवटची दोन प्रकरणे घाईत झाली. पहिले मला अजिबात पटत नाही. मात्र मुलांना यात घ्यायचे तर या कामाला अंतर्गत मूल्यमापनात गुण हवेत आणि त्यांच्या म्हणण्याने काहीतरी प्रत्यक्ष बदलायला हवे. नाहीतर समितीत दोन विद्यार्थी प्रतिनिधी बसवायचे आणि सह्या घ्यायच्या, हा प्रकार मुले पहिल्याच बैठकीत ओळखतात.

यंदाच्या वर्गात कुबड्या घेऊन येणारी एक विद्यार्थिनी आहे. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या खोलीशी अदलाबदल व्हावी म्हणून वर्गातल्या ४१ जणांनी सह्यांचा अर्ज दिला आहे, वेळापत्रकात कोणते तास हलवता येतील याचा तक्ताही त्यांनीच जोडला आहे. उत्तर अजून आलेले नाही. सोमवारी ती मुले कार्यालयात पुन्हा विचारायला जाणार आहेत, आणि ‘मॅडम, तुम्ही या, पण बोलू आम्हीच’ असे त्यांनी मला आधीच बजावून ठेवले आहे.