पाळी थांबली म्हणून पेढे वाटायचे का?

ठाण्यातल्या खेळाडू मुलींच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘क्रीडा वैद्यकशास्त्राचं नवं संशोधन’ आणि खाली ‘प्रत्येक मुलीच्या आईपर्यंत पोचवा’. संशोधन कोणाचं, कधीचं, कुठे छापलंय, याचा पत्ता नाही. माझ्याकडे तो वहिनीकडून आला. सोबत तिची एक ओळ होती: ‘ताई, वाचा हे. आपण उगाच घाबरलो होतो.’

घाबरायचं कारण असं की माझ्या भाचीला चार महिने पाळी आलेली नाही. वय सोळा, तीन हजार मीटर धावते. पहाटे उपवन, रविवारी येऊरचा चढ. मी मागे लागले होते की डॉक्टरकडे ने, आणि वहिनी जवळजवळ तयार झाली होती. तेवढ्यात हा मेसेज आला आणि घर निर्धास्त झालं. (हे सगळं भाचीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, ‘लिही आत्या, आमच्या बॅचमध्ये मी एकटी नाहीये.’ हे ऐकून तर मला जास्तच काळजी वाटली.)

मी डॉक्टर नाही. कॉलेजात खो-खो खेळले आणि आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणजे लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट रोज डोळ्याखालून जातात. पण या मेसेजमधल्या चुका दाखवायला तेवढंही शिक्षण लागत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, जोरात सराव करणाऱ्या मुलीची पाळी थांबली म्हणजे ती खरी अ‍ॅथलीट झाली. ऑलिम्पिकला जाणाऱ्या सगळ्यांचीच थांबते. डॉक्टरकडे नेलंत तर तो गोळ्या देऊन फॉर्म घालवेल. दोन, वजन जितकं कमी तितका वेग जास्त, म्हणून रात्रीची पोळी आणि भात बंद. तीन, नडगी दुखली तर एक्सरे काढा, क्लिअर आला तर बिनधास्त धावा. चार, उड्यांनी आणि धावण्याने गर्भाशय खाली सरकतं, म्हणून अठरानंतर मुलींनी खेळ सोडावा. पाच, मुलींचे गुडघे मुळातच कच्चे. सहा, लोहाच्या गोळ्यांनी अंगात उष्णता वाढते, त्यापेक्षा गूळ-शेंगदाणे द्या.

पहिल्या मुद्द्यात पाळी गेली म्हणून कौतुक आणि चौथ्यात गर्भाशयाची चिंता. लिहिणाऱ्याने निदान स्वतःचा मेसेज एकदा वाचायचा तरी.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण सगळं विष तिथेच आहे. खाण्यातून मिळणारी ऊर्जा आणि सरावात जळणारी ऊर्जा यांचा मेळ बसला नाही की शरीर पाणीकपात जाहीर करतं. ज्यावाचून आजचा दिवस निघेल त्याचा पुरवठा आधी तोडायचा. सोळा वर्षांच्या मुलीला आजच्या आज मूल व्हायचं नसतं, म्हणून मेंदूतला हायपोथॅलॅमस अंडाशयाकडे जाणारे संदेश मंद करतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, पाळी थांबते. पण इस्ट्रोजेन काही फक्त पाळीचं काम बघत नाही. हाडांची रोजची झीज आणि भर यांचा तोल तेच सांभाळतं. म्हणजे पाळी थांबलेली दिसते, आणि आत हाडांची भर थांबते ती दिसत नाही.

आता ‘संशोधन, संशोधन’ म्हणून नाचायचंच असेल तर खरं संशोधन सांगते. १९८४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. पाळी थांबलेल्या १४ खेळाडू आणि पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडू. वय, उंची, वजन, खेळ, सराव सगळं मिळतंजुळतं. दोन्ही गटांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास. कंबरेच्या मणक्यांची घनता मोजली तर नियमित पाळीवाल्यांची चौरस सेंटीमीटरला १.३० ग्रॅम, पाळी थांबलेल्यांची १.१२. आणि त्या दुसऱ्या गटाचे मणके साधारण ५१ वर्षांच्या बाईच्या मणक्यांइतके निघाले. पंचविशीतली धावणारी पोरगी, आणि कणा तिच्या आईच्या वयाचा! याला मेसेजवाले ‘फॉर्म’ म्हणतात.

अठ्ठावीसच मुली होत्या, अभ्यास लहान होता, मान्य. पण त्यानंतरची चाळीस वर्षं पुरावा त्याच दिशेने साचत गेलाय. इतका, की आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला ‘रेड-एस’ असं नाव देऊन खास निवेदन काढलं आणि २०१८ आणि २०२३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडली की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, हृदय, मनःस्थिती आणि शेवटी खेळ, सगळ्याला कशी झळ बसते, ते त्यात आहे. मेसेज ऑलिम्पिकचा दाखला देतो आणि ऑलिम्पिक समिती नेमकं उलटं सांगते.

‘सगळ्यांचीच थांबते’ यात अर्धा चमचा सत्य आहे. लांब पल्ल्याच्या धावपटू, जिम्नॅस्ट, नर्तकी यांच्यात पाळीच्या तक्रारी इतर मुलींपेक्षा जास्त आढळतात. पण जास्त आढळतं म्हणून ते चांगलं कसं झालं? पावसाळ्यात डेंग्यूही जास्त आढळतो.

अमेरिकेची मेरी केन २०१३ साली, सतराव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत १,५०० मीटरच्या अंतिम फेरीत पोचली होती. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. तिच्याही आजूबाजूला सगळे जाणकारच होते.

दुसरा मुद्दा पहिल्याचीच सावली आहे. हलक्या शरीराला धावायला कमी कष्ट पडतात, हे नाकारून चालणार नाही. काही महिने शर्यतीच्या वेळा सुधारतातही, आणि नेमकी तिथेच फसगत होते, कारण प्रशिक्षक खूश, आईबाप खूश. पण हिशेब मांडून बघा. माझ्या भाचीचं वजन ४६ किलो. चरबी वगळली तर अंदाजे ३७ किलो. अभ्यासक म्हणतात की सरावाचा खर्च वजा जाऊन या चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४५ कॅलरींच्या आसपास शिल्लक राहायला हव्यात, आणि ३० च्या खाली गडबड सुरू होते. हा आकडा काळ्या दगडावरची रेघ नाही, कुणाचं आधी बिघडतं, कुणाचं नंतर.

तर तिचं खाणं. पहाटे एक केळं. आल्यावर कपभर दूध. डब्यात दोन पोळ्या, भाजीचा डबा छोटा, कारण ‘तेल असतं’. संध्याकाळी क्लासला जाताना सफरचंद. रात्री काकडी आणि मुगाचं पाणी, ज्याला हल्ली सूप म्हणतात. कितीही ताणून धरलं तरी हे हजार कॅलरींच्या वर जात नाही. त्यातल्या साडेचारशे दहा किलोमीटर धावण्यात गेल्या. उरल्या साडेपाचशे, भागिले ३७. किलोमागे १५. मी हा आकडा कागदावर लिहून वहिनीच्या फ्रिजवर लावलाय. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १६ ते १८ वयाच्या मुलींसाठी दिवसाला साधारण २,५०० कॅलरी सुचवल्या आहेत. आणि आमची पोरगी त्यातल्या निम्म्याही न खाता येऊर चढतेय, तिला शाबासकी द्यायची म्हणे.

कुणी तिला उपाशी ठेवलेलं नाही, हेही सांगायला हवं. दादा-वहिनीच्या घरी खाण्याची कमी नाही. पहाटे भूक नसते, शाळेत डबा खायला वेळ नसतो, क्लास सुटेपर्यंत आठ वाजतात, आणि कुणीतरी एकदा ‘मागून जड दिसतेस’ म्हणालेलं डोक्यात बसलेलं असतं. बहुतेक घरांत हे असंच, न ठरवता होतं.

गोळ्यांबद्दल मेसेजची भीती पूर्ण चुकीची नाही, हे नाइलाजाने कबूल करते. पाळी येत नाही म्हटल्यावर काही ठिकाणी सरळ गर्भनिरोधक गोळ्या सुरू करतात. महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण तो रक्तस्राव गोळ्यांचा असतो, मूळचं चक्र सुरू झालेलं नसतं, आणि हाडांचं नुकसान पडद्याआड चालूच राहतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी म्हणून या गोळ्या देऊ नका; आधी खाणं वाढवा, व्यायामाचा भार आणि ताण कमी करा. मग यावरून ‘डॉक्टरकडे जाऊच नका’ असा निष्कर्ष निघतो का? उलट नीट विचारणाऱ्या डॉक्टरकडे जा. सलग तीन महिने पाळी चुकली, किंवा पंधरावं पूर्ण झालं तरी पहिली पाळी आली नाही, तर जायचंच. थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची गडबड, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार, गरोदरपण ही कारणंही बाजूला काढावी लागतात, आणि ती ग्रुपवर काढता येत नाहीत.

नडगीचा मुद्दा वाचून मी कपाळाला हात लावला. ताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर, जिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्सरेत बहुधा दिसतच नाही. क्लिअर एक्सरे म्हणजे हाड धड, असं अजिबात नाही. नडगीवरून बोट फिरवताना एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, कळ उठत असेल, किंवा रात्री अंथरुणात दुखत असेल, तर धावणं थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरला एमआरआयबद्दल विचारायचं. आणि मुलीची पाळीही बंद असेल तर ते डॉक्टरला न विचारता सांगायचं. हाडाच्या दवाखान्यात पाळीचा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही. मुलगी लाजते, वडील बाहेर बघतात, चीर भरून येते आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे जाते.

गर्भाशय सरकण्याची कथा शंभर वर्षं जुनी आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, त्यांना हे झेपत नाही अशी ओरड झाली आणि ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद ठेवली. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. मेरी कोमला २००७ मध्ये जुळी झाली, २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती, २०१२ मध्ये ऑलिम्पिकचं कांस्य. आपल्या माणदेशची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली ती सत्तावीस वर्षांची असताना. अठराव्या वर्षी घरी बसवली असती तर? यातलं एकच खरं, की उड्यांच्या खेळांत काही मुलींना लघवी गळण्याची तक्रार असते. त्याला ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, फिजिओथेरपिस्ट शिकवतात. खेळ सोडायची गरज नाही.

गुडघ्यांचं अर्धवट खरं आहे. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध (लिगामेंट) तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांच्या दुपटी-तिपटीने दिसतं. पण नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुली फुटबॉलपटूंना वीस मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप देऊन बघितला, तर एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. २००८ चा अभ्यास आहे, जवळजवळ एकोणीसशे मुलींवरचा. कच्चे गुडघे म्हणून हात झटकण्यापेक्षा मैदानावर ती वीस मिनिटं द्या.

लोहाबद्दल फार लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. ‘उष्णता’ हा मुद्दाच इथे गैरलागू आहे. गूळ-शेंगदाणे जरूर द्या, कॅलरी तरी पोटात जातील, पण रिकामा झालेला लोहाचा साठा त्याने भरत नाही. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासा, हा साठा त्यातच कळतो. हिमोग्लोबिन बारा आणि फेरिटिन सात, असे रिपोर्ट माझ्यासमोरून नेहमी जातात आणि घरचे फक्त पहिली ओळ वाचून फाईल बंद करतात. गोळी मात्र तपासणीनंतर, डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि जेवणावर लगेच चहा नको.

मुलग्यांच्या पालकांनी हे वाचून ‘बरं झालं, आपल्याला मुलगा’ म्हणू नये. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये नवं नाव दिलं, त्यामागे मुलगेही यात सापडतात हे एक मोठं कारण होतं. सायकलपटू, लांब पल्ल्याचे धावपटू, वजनगटासाठी पाणी तोडणारे कुस्तीगीर. त्यांचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं, हाडं तशीच विरळ होतात. फक्त त्यांच्याकडे महिन्याच्या महिन्याला वाजणारी घंटा नसते, त्यामुळे ते पहिलं हाड मोडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.