पंधरा टन, रबरबँड आणि एक जुनं कात्रण

माझा भाचा यूट्यूबवर मराठीतून गुन्हेगारीच्या गोष्टी सांगतो. आवाज चांगला आहे, कुठे थांबायचं तेही कळतं. गेल्या रविवारी कर्वेनगरला घरी आला आणि म्हणाला, "मावशी, नव्या एपिसोडची स्क्रिप्ट आणलीय. काढ तुझं लाल पेन." वर्तमानपत्राच्या डेस्कवर अठ्ठावीस वर्षं काढल्यावर ते पेन काही सुटत नाही. लग्नपत्रिका आली तरी मी आधी शुद्धलेखन बघते.

विषय होता कोलंबियातला कोकेन-तस्कर पाब्लो एस्कोबार. शीर्षक 'कोकेनचा बादशहा'. आणि पहिलंच वाक्य: 'नोटांच्या गड्ड्या बांधायला हा माणूस महिन्याला अडीच हजार डॉलरचे रबरबँड घ्यायचा.'

मी विचारलं, "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

सगळे म्हणत असतील, पण मुळात म्हणणारा एकच. रोबेर्तो, त्याचा सख्खा भाऊ, जो टोळीचे हिशेब बघायचा. दरवर्षी दहा टक्के नोटा उंदीर खायचे, हेही त्याचंच. एस्कोबारच्या मुलीला थंडी वाजत होती म्हणून नोटांची शेकोटी पेटवली, ही गोष्ट घरच्याच माणसाची, मुलाची. खोटंच असेल असं मी म्हणत नाही. पण घरच्यांनी सांगितलेलं एक वाक्य जगभर हजार वेळा उतरवून घेतलं गेलं, तर त्याचे हजार पुरावे होत नाहीत. एकच राहतो, फक्त झिजलेला.

मग आला पंधरा टनांचा आकडा. 'दिवसाला पंधरा टन कोकेन अमेरिकेत.' हाही सगळीकडे सापडतो. मी त्याला म्हटलं, मोबाइल काढ आणि गुणाकार कर. १५ गुणिले ३६५, म्हणजे ५,४७५ टन. आता संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाचा अंदाज बघ. २०२३ साली अख्ख्या जगात मिळून सुमारे ३,७०० टन कोकेन तयार झालं, आणि तो तोवरचा उच्चांक होता. ऐंशीच्या दशकात उत्पादन याच्या कितीतरी खाली होतं. म्हणजे जगात जेवढा माल बनतच नव्हता, तेवढा हा एकटा एका देशात पोचवत होता! एखाद्या दिवशी मोठी खेप गेली असेल, कुणीतरी तिला रोजची करून टाकलं असेल. पुढच्यांनी गुणाकाराचे कष्ट घेतले नाहीत.

भाचा गप्प बसला, पण पटलं म्हणून नाही. म्हणाला, "मावशी, पंधरा टन काढले तर बघणार कोण?"

प्रामाणिक प्रश्न आहे. मला राग आला नाही, कारण डेस्कवर मीही तेच केलंय. नवीन असताना एका छाप्याची बातमी माझ्याकडे आली. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये पकडलेल्या मालाचं वजन होतं आणि पुढे 'आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत' म्हणून कोटींचा आकडा. मी वजन आतल्या परिच्छेदात टाकलं आणि कोटी मथळ्यात घेतले. ती किंमत कशी काढली, हे विचारायला फोनसुद्धा केला नाही. ती साधारण अशी निघते: परदेशातल्या गल्लीत शेवटच्या गिऱ्हाइकाला एक ग्रॅम ज्या भावाने मिळतो, त्या भावाने अख्खं पोतं मोजायचं. मंडईत किलोने विकायला आलेल्या कांद्याची किंमत हॉटेलातल्या भजीच्या प्लेटवरून लावावी, तसं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात मेफेड्रोन हा अमली पदार्थ सापडला, तेव्हाही पुण्यात चहाच्या टपरीपर्यंत कोटीच पोचले. किलो किती, हे लोकांना विचारून बघा.

तर आकड्यांचा मोह मला ठाऊक आहे. पण मराठीत याच्यावर एक फुकटचं औषध आहे, ते आपण वापरत नाही. 'म्हणे' हा शब्द. 'उंदीर नोटा खायचे' आणि 'उंदीर नोटा खायचे म्हणे' यात दोन अक्षरांचा फरक आहे. गोष्ट जात नाही, जबाबदारी मात्र जागेवर राहते. कित्येक भाषांना यासाठी अर्धं वाक्य खर्चावं लागतं. आणि आम्ही पुण्याची माणसं! इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरी बाजूला सारून अस्सल कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. बखर वाचू नये असं कुणीच म्हटलं नाही. फक्त बखर आहे हे कळून वाचावी. भावाचं सांगणं ही बखर, मुलाचं सांगणं ही कैफियत. मग कागद कुठला?

इथे मी त्याला गिएर्मो कानोंची हकीकत सांगितली. ती त्याच्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीतही नव्हती.

१९८२ मध्ये एस्कोबार कोलंबियाच्या संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला होता. गरिबांना घरं बांधून देणारा, मैदानांवर दिवे लावणारा उदार उद्योजक, अशी प्रतिमा. कानो हे राजधानी बोगोतातल्या 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकाचे संपादक. हा चेहरा आपण आधी पाहिलाय, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांनी आपल्याच वर्तमानपत्राचा जुना संग्रह उपसायला लावला आणि १९७६ ची बातमी निघाली. कोकेन बाळगल्याबद्दल मेदेयिन शहरात काही जणांना अटक, त्यात हे नाव. ऑगस्ट १९८३ मध्ये त्यांनी ती पुन्हा छापली. नवा शोध नाही, अग्रलेखाची आतषबाजी नाही. सात वर्षांपूर्वीचं स्वतःचंच कात्रण.

न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया त्याच सुमारास एस्कोबारच्या पैशांबद्दल संसदेत उघड बोलत होते. ३० एप्रिल १९८४ ला त्यांचा खून झाला. १७ डिसेंबर १९८६ ला कानो ऑफिसातून घरी निघाले असताना मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये त्या दैनिकाच्या इमारतीसमोर बॉम्बस्फोट झाला. आज युनेस्को वृत्तपत्रस्वातंत्र्याचा जो पुरस्कार देते, तो कानोंच्या नावाने आहे.

रबरबँडच्या गोष्टीसाठी कुणाचा जीव गेला नाही. ती एस्कोबारनेही खुशाल सांगू दिली असती. तो चिडला तो एका खऱ्या, तारीखवार, कंटाळवाण्या बातमीवर. मला वाटतं, त्याचं चरित्र लिहिणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

भाच्याने मग जो मुद्दा काढला, त्यावर मी अजून अडकलेय. म्हणाला, "तुझे कागद तरी कुठले सोवळे? एस्कोबारला मारला कुणी ते सांग." खरंय. २ डिसेंबर १९९३, चव्वेचाळीसावा वाढदिवस होऊन एक दिवस झालेला, मेदेयिनमधल्या एका घराच्या छपरावर तो पडला. सरकारी नोंद म्हणते, शोधपथकाच्या पोलिसांनी मारला. मुलगा म्हणतो, बापाने स्वतःच गोळी झाडून घेतली. 'लोस पेपेस' या त्याच्या वैऱ्यांच्या टोळीतले म्हणतात, आमच्या माणसाने. आणि हीच टोळी पोलिसांना आतून माहिती पुरवत होती, असे आरोप तेव्हापासून आहेत. म्हणजे सरकारी कागद लिहिणाराच वादातला एक पक्ष. राजवाड्यांनाही पेच पडला असता.

माझं उत्तर एवढंच की तिन्ही लिहायचं, प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि आपल्याला आवडतं ते शेवटी ठेवायचं नाही. शेवटचं वाक्य लोक निकाल म्हणून वाचतात. ही डेस्कवरची जुनी लबाडी आहे.

मग भाषेवरून जुंपली. स्क्रिप्टभर तो 'पाब्लो', आणि मेलेले लोक 'शेकडो निष्पाप'. २७ नोव्हेंबर १९८९ चं आविआंका या कंपनीचं विमान भाच्याने अर्ध्या वाक्यात उडवलं होतं. त्यात १०७ माणसं होती, खाली जमिनीवर आणखी तिघं गेली. ज्या उमेदवारासाठी बॉम्ब ठेवला ते सेसार गाविरिया विमानात नव्हतेच, पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. विमानानंतर नऊच दिवसांनी बोगोतात गुप्तचर खात्याच्या इमारतीपुढचा स्फोट, पन्नासहून जास्त बळी. याला एक ओळ, आणि पाणघोड्यांना दीड पान! (पाणघोडे मात्र खरे आहेत. एस्कोबारने चार आणले होते, आता शंभराच्या वर झालेत आणि सरकार हैराण आहे. ते मी कापले नाहीत. चार ओळींत बसवले.)

आडनावाने लिही, असं मी सांगितलं. पहिल्या नावाने हाक मारली की माणूस आपल्या कट्ट्यावरचा होतो. एफसी रोडवर त्याच्या अटकेच्या वेळच्या हसऱ्या फोटोचे टी-शर्ट लटकतात, त्यांना तेवढी जवळीक पुरे. मेदेयिनमध्ये तो राहायचा ती मोनाको इमारत २०१९ मध्ये पाडली आणि तिथे बळींच्या आठवणीसाठी बाग केली. ज्यांच्या शहरात हे घडलं त्यांनी भिंती उतरवल्या, आणि आपण पुण्यात त्याचं तोंड छातीवर घेऊन मिसळ खायला जातो.

"आणि 'बादशहा'?" त्याने विचारलं. काढ म्हटलं. मग काय, 'गुन्हेगार'? त्याच्या मते त्याने थंबनेल मरतं. 'तस्कर' त्याला सरकारी वाटतं. 'डॉन' मला नको.

परवा रात्री व्हॉट्सॲपवर नवी सुरुवात आली. '१९८३ च्या ऑगस्टमध्ये बोगोतातल्या एका संपादकाने जुन्या अंकांचा गठ्ठा सोडवायला सांगितला...' रबरबँड सहाव्या मिनिटाला गेलेत, 'म्हणे'सकट. पंधरा टन उडालेत. शीर्षकाची जागा रिकामी आहे, आणि खाली लिहिलंय, "मावशी, तूच सुचव, पण लोक बघतील असं."

दोन दिवस झाले, मला सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा.