कॉम्प्युटरलाच टाका म्हणतात सगळे, पण कुठल्या कॉलेजात ते कोणी बोलत नाही

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. भाच्याला सीईटीला ८९ पर्सेंटाइल आहेत, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा, म्हणजे कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात एकच धोशा चाललाय, कॉम्प्युटरच पाहिजे. ते नाही तर आयटी, ते नाही तर एआय डेटा सायन्स, पण मेकॅनिकल सिव्हिल नको म्हणजे नको. जुन्या बऱ्या कॉलेजात मेकॅनिकल मिळतंय तरी नको. आणि जे कॉम्प्युटर मिळतंय ते चार-पाच वर्षांपूर्वी निघालेल्या कॉलेजात, फी वर्षाला दीड लाख, होस्टेल मेस वेगळं, भावजी लोन काढायला निघालेत. ताई म्हणाली तू इतकी वर्षं पुण्यात आयटीत आहेस, तू एकदा हो म्हण म्हणजे ह्यांचा जीव भांड्यात पडेल. मला हो म्हणवेना आणि नाही पण म्हणवेना. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय, या दिवसांत असे फोन बऱ्याच घरांत चालू असणार.

मी २००३ ला बीई कॉम्प्युटर झाले. वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताना जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायच्या कामांची लाट ओसरली होती, डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता, आमच्या वर्गातली अर्धी पोरं वर्षभर घरी बसली. आणि मग अचानक भरती सुरू झाली, हिंजवडीत एकेक बिल्डिंग उभी राहायला लागली. तेव्हा आम्हाला वाटलं आपल्या डिग्रीला भाव आलाय. त्याच वर्षांत अमेरिकेत मात्र कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या पोरांची संख्या धडाधड खाली आली होती, कारण तिकडे पण तो फुगा फुटला होता आणि घरांत हे बोलणं चाललं होतं की सगळी कामं इंडियात चाललीत, मग हे शिकून करायचं काय. म्हणजे आम्ही त्यांच्यापेक्षा स्वस्त पडत होतो म्हणून आमची डिग्री चालली. आम्ही भारी शिकलो होतो म्हणून नाही. हे मला कळायला दहा वर्षं गेली.

कारण सरळ हिशोब होता. क्लायंट तासाचा दर देतो, त्या दरात जितकी स्वस्त पोरं बसवाल तितका कंपनीचा फायदा. म्हणून खाली हजारो फ्रेशर, वर थोडे सीनियर. त्या फ्रेशरना कंपनी स्वतःच तीन महिने ट्रेनिंग द्यायची, त्यामुळे सिव्हिलवाला, मेकॅनिकलवाला, इलेक्ट्रॉनिक्सवाला कोणीही चालायचा. कॅम्पसला काय बघायचे? दहावी बारावी बीई सगळीकडे ६० टक्के, केटी शिल्लक नको, इंग्रजी बरं. बस. डिग्री ही चाळणी होती, आत काय शिकलात याच्याशी फारसा संबंध नव्हता. आणि चाळणीतून पडणाऱ्याला जो भाव मिळायचा तो आजही तोच आहे हो, मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास, हा आकडा दहा-बारा वर्षं जवळपास हललेला नाही. त्याच काळात वाकडमधलं वन बीएचकेचं भाडं कुठून कुठे गेलं ते तिथे राहणाऱ्याला विचारा. आणि आता जे बारीकसारीक काम फ्रेशरला द्यायचो, टेस्ट केस लिहा, छोटे बदल करा, ते एआयकडून बऱ्यापैकी होऊन जातं. २०२५ मध्ये टीसीएसने साधारण १२ हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर कोणी मोठ्याने बोललं नाही.

दुसरी बाजू शिक्षणाची. २००१ मध्ये एमआयटीने आपले कोर्स फुकट नेटवर टाकणार म्हणून सांगितलं तेव्हा मी सेकंड इयरला होते आणि नेट कॅफेत तासाला वीस रुपये मोजून ईमेल बघायचे, मला त्याचा पत्ताच नव्हता. २००३ ला आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून एनपीटेल सुरू केलं, तेही असेच फुकट ऑनलाइन कोर्स. आज भाच्याच्या मोबाईलवर डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस, कॉम्प्युटरच्या अशा सगळ्या विषयांची आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स फुकट आहेत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेचे हजारभर रुपये. मग त्या नव्या कॉलेजात दीड लाख नक्की कशाचे?

यावर लोक म्हणतात मग कॉलेजच नको, घरीच शिका. हे पण मला पटत नाही. मी स्वतः कितीतरी ऑनलाइन कोर्स सुरू केले आणि अर्ध्यात सोडले. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि रिकामी स्क्रीन समोर आली की हात चालत नाही. तेव्हा शेजारी बसून तुझं इथे चुकतंय बघ असं सांगणारं माणूस लागतं, आपल्याबरोबर अडकलेला मित्र लागतो. कॉलेजकडे विकण्यासारखं तेवढंच उरलंय खरं तर आणि नेमकं तेच कॉलेजांनी सोडून दिलंय याचा मला संताप येतो. शेजारच्यांची मुलगी सेकंड इयरला आहे, तिचं सबमिशन होतं तेव्हा मी तिच्या खोलीत बसले होते. रात्री एक वाजता मैत्रिणीचं जर्नल समोर उघडं ठेवून ती हाताने प्रोग्रॅम उतरवत होती. तिसाव्या पानावर आउटपुट पण हाताने, चौकट आखून. मी विचारलं हा प्रोग्रॅम चालवलास का, तर म्हणाली मावशी लॅबमध्ये वीस मशीन आहेत त्यातली अकरा चालू, आणि सर अटेंडन्स घेऊन जातात. लॅबमध्ये काय वापरता तर टर्बो सी, प्रोग्रॅम लिहायचं माझ्या काळातलं सॉफ्टवेअर. तीच निळी स्क्रीन, जी मी बघितली होती! शिकवणारे सर पण मागच्याच वर्षी पास झालेले, पगार वेळेवर नाही, दुसरी नोकरी शोधतायत, त्यांना तरी काय बोलणार.

आता एका मुलीबद्दल सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडे इंटरव्ह्यूला आली, लातूरकडची, तीन वर्षांचं बीसीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचीच डिग्री. आमच्या भरतीच्या पोर्टलवर तिचा अर्ज आपोआप उडाला होता कारण तिथे बीई बीटेकच टिक करता येतं, कोणाच्या तरी ओळखीने रेझ्युमे माझ्यापर्यंत आला. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, तिने उधारीची वही कॉम्प्युटरवर आणली होती. म्हणाली सुरुवातीला झटपट चालायचं, मग नोंदी वाढल्या आणि खरिपात गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना नाव शोधायला आठ-दहा सेकंद लागायला लागले, बाबा चिडायचे, परत वही काढायचे. मग तिने डेटाबेस आतून कसा शोधतो ते बघितलं, प्रत्येक वेळी सगळा टेबल वाचतोय हे तिला दिसलं, गाव आणि नावावर इंडेक्स लावला, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी नोंद सरळ सापडावी. पण एका गावात एकाच नावाचे चार-चार शेतकरी, म्हणून मोबाईल नंबर जोडला, तर एकाच घरात तिघांचा एकच नंबर. हे सगळं ती बोटाने टेबलावर चौकटी काढून सांगत होती. कुठे शिकलीस तर एनपीटेल आणि कॉलेजातल्या एक मॅडम, ज्या संध्याकाळी थांबून कोड बघायच्या.

मी तिला घ्या म्हणून लिहून दिलं. एचआरने घेतलं, पण बीई नाही म्हणून पॅकेज कमी. मी भांडले, उपयोग झाला नाही.

म्हणजे कागदाला किंमत अजून आहे, तीही चुकीच्या ठिकाणी. एच वन बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेला जायचं तर चार वर्षांची डिग्री सरळ चालते, तीन वर्षांच्याला अनुभव दाखवून तेवढं शिक्षण झालंय हे सिद्ध करावं लागतं, आणि २०२५ मध्ये तर अमेरिकेबाहेरच्या लोकांच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली त्यामुळे तो रस्ता पण अरुंद झाला. ताईला मला हेच सगळं सांगायचं होतं. डिग्री घेऊच नका असं मी म्हणणार नाही, सहा लाख फी आणि वर होस्टेल घालून फक्त शाखेचं नाव विकत घेऊ नका एवढंच म्हणतेय.

उद्या ती आणि भाचा कॉलेज बघायला चाललेत. मी त्याला सांगितलंय, प्लेसमेंटच्या बोर्डावरचे फोटो नंतर बघ, आधी लॅबमध्ये जा आणि किती मशीन चालू आहेत ते मोज. थर्ड इयरच्या दोन पोरांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठ आणि विचार, मागच्या महिन्यात तुमचा कोड कोणत्या सरांनी शेवटचा वाचला. त्यांना नाव सांगता आलं तर मला फोन कर, मी भावजींशी बोलते.